घोड्याच्या पाठीवरचे घर

दिवाळी सरते, बाजरीची काढणी उरकते आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या रस्त्यांवर, धनगरांचे वाडे दिसू लागतात. 'वाडा' म्हटला की डोळ्यांपुढे चिरेबंदी भिंती, दिंडीदरवाजा आणि प्रशस्त चौक उभा राहतो. परंतु हा वाडा निराळा. त्याला भिंत नाही, दार नाही, आणि आज ज्या गावच्या शिवारात तो उतरला आहे तेथे परवा तो असेलच असेही नाही. चार-सहा कुटुंबे, त्यांच्या काही शे मेंढ्या, मोजकी घोडी, राखणीची कुत्री आणि घोड्यांच्या पाठीवर मावेल तेवढा संसार, या सर्वांना मिळून मेंढपाळ वाडा म्हणतात.

हे लोक बहुधा अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर, संगमनेर या कमी पावसाच्या तालुक्यांतून येतात. पावसाळ्याचे दिवस ते आपल्या गावी काढतात. पुढे माळरानावरचे गवत वाळले, की पश्चिमेची वाट धरल्यावाचून गत्यंतर नसते. काही वाडे जुन्नर-आंबेगावच्या बागायती शिवारांत हिंडतात. काही माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणकडील भाताच्या मोकळ्या खाचरांत जातात. याच डोंगररांगेत जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कोकणच्या बंदरांवरील माल पाठाळ जनावरांवर लादून याच घाटाने वर येत असे. त्या वाटेवरून लमाणांचे तांडे केव्हाच नाहीसे झाले. पाठीवर ओझे घेतलेला घोडा मात्र जुन्नरच्या रस्त्यांवर अद्याप दिसतो. त्याच्या पाठीवर व्यापाऱ्याचा माल नसून एका कुटुंबाचे घर असते, एवढाच फरक.

हे घर घोड्यावर चढते कसे, हे पाहण्यासारखे आहे. पहाटे पुरुष मेंढ्या घेऊन चरावयास निघून जातात आणि बिऱ्हाड हलविण्याचे सारे काम स्त्रियांच्या अंगावर पडते. आधी घोड्याच्या पाठीवर जुनी घोंगडी दुमडून टाकावयाची, म्हणजे पाठ सोलवटत नाही. मग दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या लोंबत सोडावयाच्या. एका बाजूस पीठ-मीठ व ज्वारी असेल, तर दुसऱ्या बाजूस भांडीकुंडी. एक बाजू जड झाली, तर चालताना ओझे कलते, दोर काचतो आणि घोडा अडून बसतो. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून फारसे अधिक ओझे वाहू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. तट्टू लहान असल्याने हा हिस्सा मोठ्या माणसाच्या वजनाइतकाही भरत नाही. त्या मापात सगळे घर बसवावयाचे! गोण्यांवर जाळ्यांची वळकटी, तिच्यावर काठ्या, दोर व कापड, आणि सर्वांत वर डालग्यातील कोंबड्या. आदल्या रात्री जन्मलेले कोकरू आणि चालून दमलेले मूलही तेथेच बसते. घरी तीन तवे असतील तर वाड्यावर एकच येतो. वस्तू आवडली म्हणून येथे घेता येत नाही. घोडा ती वाहणार आहे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

मुक्काम कोठे करावयाचा, हे पुष्कळदा गावचा शेतकरी ठरवतो. मेंढ्यांच्या लेंड्या आणि मूत्र यांचे खत जमिनीला फार मानवते. म्हणून मोकळ्या पडलेल्या शेताचा धनी स्वतः बोलवावयास येतो. "पाव्हणं, औंदा चार राती आमच्या वावरात बसवा की मेंढरं," असे तो म्हणतो आणि मेंढ्यांच्या संख्येवर व रात्रींच्या हिशेबावर धान्य किंवा पैसे ठरतात. पहिल्या रात्री मेंढ्या शेताच्या एका कोपऱ्यात बसतात, दुसऱ्या रात्री त्याच्या शेजारच्या तुकड्यात. अशा रीतीने सारे शेत खतावून निघते.

शेत कोणतेही असले तरी घर नेमके कोठे उभारावयाचे, याचा निर्णय मात्र वाड्यातील जाणत्या बाईचाच. ती प्रथम जमिनीचा उतार पाहते. खोलगट जागा थंडीत उबदार वाटेल अशी नवख्याची समजूत होते, पण ती चुकीची आहे. थंड हवा जड असल्याने रात्री सखल भागात साचते आणि अवेळी पाऊस आला तर पाणीही तेथेच धाव घेते. एकटे उंच झाड, वाळलेली फांदी, मुंग्यांचे वारूळ आणि ओढ्याचे पात्र, ही ठिकाणे ती टाळते. वारा कोणीकडून येतो हे मूठभर धूळ वरून सोडली म्हणजे कळते. घराची पाठ वाऱ्याकडे आणि तोंड मेंढ्यांकडे, हा नेम. अलीकडच्या काळात तिला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. उसाचे शेत किती दूर आहे? त्याचे कारण पुढे येईलच.

जागा ठरली, की खडे वेचून जमीन सारखी करावयाची आणि मग पाल ठोकावयास घ्यावयाचे. पाल म्हणजे मेंढपाळाचा साधा तंबू. दुबेळके असलेल्या दोन मेढी समोरासमोर रोवून त्यांवर एक आडवी काठी ठेवली, की आढे तयार होते. आढ्यावरून कापड दोन्ही बाजूंना सोडले म्हणजे छप्पर झाले. हे फार सोपे वाटते. परंतु वाऱ्याच्या पहिल्या झोतात पाल उडून जाणे अथवा रात्रभर टिकणे, हे दोर आणि मेखा यांवर अवलंबून असते. पालाला ताणून धरणाऱ्या दोराला तणावा म्हणतात. मेख सरळ उभी ठोकली तर तणाव्याच्या ओढीने ती सहज उपटून येते. म्हणून तिचे डोके पालापासून बाहेरच्या अंगास कलते ठेवून ती तिरपी ठोकावयाची. मग दोर जितका ओढेल तितकी ती जमिनीस घट्ट धरून राहते. समोरासमोरचे तणावे एकाच वेळी आवळावे लागतात. एक आधी आवळला, तर मेढ त्याच्याकडे झुकते आणि कापडाला सुरकुती पडते; त्या सुरकुतीत पाणी साचून ते थेंबथेंब आत उतरते. तणाव्याला सुरगाठ मारावयाची, कारण अंधारात, पावसात किंवा घाईत एका हिसक्यासरशी ती सुटली पाहिजे. छपराचा उतार जितका अधिक, तितके पाणी लवकर निथळते. पण उतार फार वाढविला, तर आतली जागा कमी होते. ढग भरून आले असतील, तर पालाच्या चढाकडील बाजूस वीतभर रुंदीचा चर खणून पाण्याला दुसरीकडे वाट काढून देतात. चूल पालाबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, तीन दगडांची.

कापड नव्हते तेव्हा छपराचे काम घोंगडीच करीत असे. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. तिच्या घट्ट विणलेल्या घोंगडीवरून पावसाचे पाणी बराच वेळ ओघळून जाते, आणि ती भिजली तरी सुती पांघरुणासारखी अंगाला गार लागत नाही. अंथरूण, पांघरूण, इरले, खोगीर आणि प्रसंगी छप्पर, एवढी कामे करणारे दुसरे वस्त्र सापडणे कठीण.

माणसांचे घर असे उभे राहते. परंतु मेंढपाळाच्या घरात मेंढ्यांचा मान पहिला, आणि त्यांचे घर म्हणजे वाघर. ही दोरांची मोठी जाळी होय. खुंटांच्या आधाराने ती कळपाभोवती उभी केली, की मेंढ्यांना बाहेर पडता येत नाही आणि लांडगा बुजतो. पिढ्यान्‌पिढ्या अशी रीत होती की पुरुष वाघरेच्या कडेला उघड्यावर निजत, कुत्री त्यांच्या पायाशी असत, आणि स्वच्छ आकाश असेल त्या रात्री पाल ठोकण्याची तसदी स्त्रियाही घेत नसत. चांदणे हेच छप्पर. ते सर्वांत हलकेही होते!

ती रीत आता धोक्याची झाली आहे. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या पाच धरणांनी या प्रदेशाचा कायापालट केला. जिरायती शेते बागायती झाली आणि कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या खोऱ्यांत ऊस उभा राहिला. उसाचे पीक वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ हलत नाही. त्यात सावली आहे, पाणी जवळ आहे, माणसांचा वावर नाही. बिबट्याला याहून अधिक काय हवे? मादी तेथेच पिले घालते, आणि त्या पिलांना जंगल म्हणजे ऊसच ठाऊक असतो. सन २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले आणि या प्रश्नाकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र चालविले जाते. सन २०२४ मध्ये जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतील २३३ गावे बिबट्याच्या दृष्टीने आपत्तिप्रवण ठरविण्यात आली.

बिबट्या दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे. उभ्या, चालत्या, मोठ्या माणसाला तो सहसा टाळतो. परंतु जमिनीलगत निजलेला देह, खाली वाकलेली व्यक्ती किंवा लहान मूल त्याला माणूस म्हणून नव्हे, तर आटोपशीर भक्ष्य म्हणून दिसते. पक्क्या घराच्या भिंतीआड झोपणाऱ्याला ही भीती नाही. ज्याचे घरच उघडे, त्याच्या मुलांवर मात्र ती रोज रात्री येते. या भागात मेंढपाळांची काही बालके आईच्या कुशीतून ओढून नेली गेली, ही गोष्ट खरी आहे आणि ती विसरण्याजोगी नाही.

यावर उपाय म्हणून जुन्नर वनविभागाने गेल्या काही वर्षांत मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे दिले. आता वाटेल की, तंबू तर त्यांच्याजवळ होताच! परंतु पाल दोन्ही टोकांनी उघडे असते. बंद होणारा तंबू चहूबाजूंनी मिटतो. कापडाची भिंत बिबट्याच्या नखांपुढे टिकणार नाही हे उघड आहे. पण तिच्याआड निजलेले मूल त्याला दिसत नाही. जो प्राणी पाहून, हेरून, मग झेप घेतो, त्याच्यापुढून भक्ष्य दिसेनासे करणे हेच मोठे संरक्षण होय. आजचे असे तंबू नायलॉनसारख्या धाग्याच्या पातळ कापडाचे असतात. लवचीक कांड्या एकमेकींत अडकवून त्यांची कमान केली, की मध्ये मेढ न रोवताही ते उभे राहतात. चार माणसांचा असा तंबू चार-पाच किलोंच्या आसपास भरतो. घोड्याला ते ओझे जाणवतही नाही.

तंबू मिळाला म्हणून सारा प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. बंद तंबूत माणसांच्या श्वासातील बाष्प रात्रभर कापडावर जमते आणि पहाटे पांघरुणे दमट होतात. म्हणून वरचा झरोका थोडा उघडा ठेवावा लागतो. आत चूल किंवा शेकोटी मुळीच चालत नाही, कारण कापड पेट घेते आणि कोंडलेला धूर झोपेतच जीव घेतो. उन्हाने कापड विरते, कांडी मोडली तर तिच्याजागी बाभळीची काठी चालत नाही आणि दाराची सरकसाखळी वाळूने अडकली की दार उघडेच राहते. याहून मोठी अडचण निराळीच आहे. तंबूत निजणाऱ्याला वाघर दिसत नाही. मेंढ्या बुजल्या, कुत्रे भुंकले, तर दार उघडून बाहेर येईपर्यंत वेळ जातो. मेंढी ही मेंढपाळाची सारी ठेव. ती बाहेर ठेवून आपण आत निजावे, हे त्याच्या मनास पटणे सोपे नाही.

यातून वाट काढावी लागते ती अशी. मुले आणि स्त्रिया तंबूत निजतात. त्यातही मुले मध्यभागी आणि मोठी माणसे कापडाकडेला. तंबू वाघरेला लागून नव्हे, तर थोड्या अंतरावर आणि उसाच्या बांधापासून जितका दूर नेता येईल तितका दूर उभारतात. दिवसा उन्हात ठेवलेला सौर दिवा रात्री वाघर आणि तंबू यांच्या मध्ये काठीवर टांगला जातो. पुरुष पाळीपाळीने जागतात. ज्याची पाळी असते तो आडवा होत नाही, घोंगडी पांघरून काठी हाती घेऊन बसतो आणि मधून मधून उठून वाघरेभोवती फेरी घालतो. अंधारात एकट्या मुलाने तंबूबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, हा नियम पाच वर्षांचे पोरही जाणते.

सन २०१८ मध्ये शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून घोषित केला. शिवनेरी, नाणेघाट, माळशेज पाहावयास लोक दूरदूरहून येतात. त्यांतील कित्येकजण मौजेखातर एखादी रात्र तंबूत काढतात आणि मेख कशी ठोकावी यावरून तासभर वाद घालतात. जवळच्याच शिवारात मेंढपाळाची दहा-बारा वर्षांची मुलगी आईच्या हाताखाली पाऊण घटकेत तंबू उभा करीत असते, तेव्हा सूर्य मावळतीला टेकलेला असतो आणि मेंढ्या अजून यावयाच्या असतात.

सकाळी हेच काम उलट्या क्रमाने होते. सुरगाठी सुटतात, मेखा मोजून पिशवीत पडतात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कोणी हलत नाही. दंवाने भिजलेले कापड तसेच गुंडाळले तर त्यावर बुरशी चढते, म्हणून ते बाभळीवर पसरून उन्हाची वाट पाहतात. तोवर भाकऱ्या होतात. कापड वाळले, की त्याची घडी घोड्याच्या पाठीवर चढते, तिच्यावर कोंबड्यांचे डालगे आणि डालग्याशेजारी धाकटे मूल. वाडा पुढच्या गावची वाट धरतो. मागे शेतात राखेचा लहानसा ढीग, लेंड्यांनी काळा झालेला चौकोन आणि दंव न पडलेली, माणसे निजली होती तेवढी कोरडी जागा उरते.