झोडणीचं ऊन आणि सर्दीची गोळी

मावळात ऑक्टोबर म्हणजे इंद्रायणी भात पिकण्याचे दिवस. वडगावच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेलं हे वाण पवन, नाणे, आंदर अशा तिन्ही मावळांत रुजलं आहे. पाऊस सरतो आणि ऊन एकदम चटके देऊ लागतं. नेमकी तेव्हाच गवतं तुऱ्यावर येतात, बांधावरचं गाजरगवत पांढरं फुलतं, खळ्यावर भाताचं कूस उडतं. शिंका सुरू झाल्या की घरोघरी एकच निदान: हवा बदलली.

हवेपलीकडेही कारणं आहेत. गाजरगवत पुण्याच्या परिसरात १९५५च्या सुमारास नजरेस आलं. त्याच्या परागांनी नाक-डोळे चुरचुरतात, काहींच्या मानेवर आणि हातांवर चट्टे उठतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या धुरातून कडक उन्हात ओझोन तयार होतो. तो नाकाचं आणि श्वासनलिकेचं अस्तर हुळहुळं करतो, मग तेच पराग जास्त बोचतात. तापमानवाढीने परागांचा हंगामही लांबतो. उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ या काळात तो सुमारे २० दिवस आधी सुरू होऊ लागला आणि लांबलाही.

प्रस्तुत लेखिकेला खरा धोका कळला तो मात्र खळ्यावर. शिंकांवर मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी घेऊन ती झोडणीला उभी राहिली. शिंका थांबल्या. दुपारी भारे आपटताना घशाला कोरड पडली, डोळे जड झाले, अंगाची लाही झाली, तरी कपाळ ठणठणीत कोरडं. शेजारच्या काकूंनी ते हेरलं. "अगं, तुला घाम कसा न्हाई?" म्हणत त्यांनी तिला हाताला धरून आंब्याखाली बसवलं आणि भिजवलेला पदर मानेवर ठेवला.

पाकिटावर क्लोरफेनिरामिन असं नाव होतं. अशा जुन्या गोळ्यांनी झोप येते हे सगळे जाणतात. पण घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून जाणारा निरोपही त्या अडवतात, आणि उन्हात शरीर गार राहतं ते घामावरच. हे दुकानात कुणी सांगत नाही, सांगायला हवं! फेक्सोफेनाडिन किंवा लोरॅटाडिनसारख्या नव्या गोळ्यांत हा त्रास बराच कमी असतो. गोळी लिहून घेताना "मला दिवसभर उन्हात काम आहे" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल, तर तेही.

झोडताना वारा पाठीवर घ्यावा, नाकातोंडावर पंचा बांधावा. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग अंथरूण. गाजरगवत फुलण्याआधी आणि हातमोजे घालूनच उपटावं. लोणावळ्यात पावसाळाभर बंद असलेले बंगले दिवाळीसाठी उघडणाऱ्यांनीही, बुरसलेल्या गाद्या झटकण्याआधी, नाक झाकावं.

एक फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. अ‍ॅलर्जीत नाक वाहतं, डोळे खाजतात, पण अंग भाजत नाही आणि माणूस असंबद्ध बोलत नाही. अंग भाजलं आणि बोलणं असंबद्ध झालं, तर तो उष्माघात. लगेच १०८ला फोन करावा. गाडी येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.