खाड्यांचा हिशेब आणि पगाराचं बिल



आपल्या हॉस्टेलमध्ये दर महिन्याच्या सुरुवातीला नोटीस बोर्डावर एक कागद लागतो आणि त्याच्यापुढे रिझल्टपेक्षा जास्त गर्दी होते. तो कागद म्हणजे मेस बिलाची यादी. "माझे खाडे आठ होते, सातच कसे धरले?" या एका प्रश्नावर मेस सेक्रेटरीला जेवढा घाम फुटतो तेवढा व्हायवालाही फुटत नाही. हे स्वानुभवाने लिहितोय, कारण गेलं वर्षभर ती यादी मीच काढतोय.

आज मात्र मेसवर तक्रार करायची नाहीये. (ती तुम्ही रोज करताच!) लिहायचंय ते एका नोकरीबद्दल. सरकारी कार्यालयात पगार काढणाऱ्या टेबलावरची, अगदी सुरुवातीच्या पायरीची नोकरी. तिच्यासाठी अर्ज कसा करायचा, त्यात माझं काय चुकलं आणि तुमचं काय चुकू नये, एवढाच या लेखाचा विषय.

हे टेबल मला कुठे भेटलं

माझी आई सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. मी बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला असताना तिची बदली झाली. नव्या जागी ती दुसऱ्याच दिवशी हजर झाली, पण पगार काही हजर होईना! एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. चौकशी केल्यावर कळलं की जुन्या कार्यालयातून तिचं अंतिम वेतन प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे एल.पी.सी. म्हणतात तो कागद, निघालाच नव्हता. कर्मचाऱ्याला शेवटचा पगार किती व कोणत्या तारखेपर्यंत दिला, कोणत्या कपाती चालू आहेत, हे त्यात असतं. तो आल्याशिवाय नवं कार्यालय बिलात नाव घेत नाही. कागद कुणी मुद्दाम अडवला नव्हता. एका टेबलावर एका गठ्ठ्याखाली तो पडून होता, इतकंच.

त्या तीन महिन्यांत माझं मेस बिल थकलं. नोटीस बोर्डावर थकबाकीदारांत माझं नाव लागलं. तेव्हाच्या रेक्टर सरांनी जेवण बंद होऊ दिलं नाही, म्हणून निभावलं. तेव्हापासून पगाराचं टेबल म्हटलं की मला तो गठ्ठा आठवतो.

पद शोधायचं कोणत्या नावाने?

"पेरोल ॲडमिनिस्ट्रेटर" असं पद महाराष्ट्र शासनाच्या जाहिरातीत शोधाल तर हाती काही लागणार नाही. आपल्याकडे हे काम वेगवेगळ्या नावांखाली असतं. कोषागारांच्या लेखा व कोषागारे संचालनालयात कनिष्ठ लेखापाल, जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक लेखा, महापालिका आणि विद्यापीठांत लेखा लिपिक किंवा लेखा सहायक. बाकी बहुतेक कार्यालयांत लिपिक-टंकलेखकालाच आस्थापना शाखेत बसवून पगार बिलाचं काम देतात.

यातल्या बऱ्याच पदांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे बी.ई. झालेला मुलगा किंवा मुलगी पात्र असते, कॉमर्सचीच हवी असं नाही. सातव्या वेतन आयोगानुसार लिपिक-टंकलेखकाचा वेतनस्तर एस-६, म्हणजे १९,९०० ते ६३,२०० रुपये, आणि कनिष्ठ लेखापालाचा एस-१०, म्हणजे २९,२०० ते ९२,३०० रुपये. हे आकडे मूळ वेतनाचे, भत्ते वेगळे.

"इंजिनिअर होऊन क्लार्क?" हा प्रश्न माझ्या रूम पार्टनरने विचारलाच. मी त्याला म्हटलं, "बाबा, कॅम्पसला सगळेच लागत नाहीत, आणि हे काम तुला वाटतं तेवढं सोपंही नाही." मग त्याला एक बिल काढून दाखवलं. तेच इथे देतो.

एक पगार, पाच ओळींत

समजा एस-६ मधला नवा लिपिक. महागाई भत्ता ५० टक्के आणि घरभाडे भत्ता २० टक्के धरू. (हे दर उदाहरणापुरते. महागाई भत्त्याचा दर वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो, आणि घरभाड्याचा गावानुसार वेगळा असतो.) वाहतूक भत्ता आणि गटविमा सध्या बाजूला ठेवू.

१. मूळ वेतन १९,९०० रुपये.
२. महागाई भत्ता ९,९५० रुपये.
३. घरभाडे भत्ता ३,९८० रुपये. एकूण झाले ३३,८३०.
४. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची कपात, मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के: २,९८५ रुपये.
५. व्यवसाय कर २०० रुपये.

हातात येणार ३०,६४५ रुपये. निवृत्तिवेतन योजनेत शासन आपल्या बाजूने १४ टक्के भरतं, तेही बिलात दाखवावं लागतं. व्यवसाय कर दरमहा २००, पण फेब्रुवारीत ३००, म्हणजे अकरा महिन्यांचे २,२०० आणि वर ३०० असे वर्षाचे २,५०० होतात. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी का आले, असं विचारायला निम्मं ऑफिस टेबलाशी येतं म्हणतात!

आता खरी गंमत. हा लिपिक महिन्याच्या १२ तारखेला हजर झाला. महिना ३० दिवसांचा. किती दिवसांचा पगार? घाईत ३० वजा १२ करून आपण १८ म्हणतो. पण १२ तारीखही कामाचीच, म्हणून दिवस १९. ज्यांनी सी प्रोग्रॅमिंगमध्ये फॉर लूपची अट लिहिताना "पेक्षा कमी" आणि "पेक्षा कमी किंवा बरोबर" यात मार खाल्लाय, त्यांना ही चूक ओळखीची वाटेल. मूळ वेतन धरायचं १९,९०० गुणिले १९ भागिले ३०, म्हणजे १२,६०३ रुपये. एक दिवस चुकला तर मूळ वेतनात ६६३ रुपये आणि भत्ते धरून अकराशेच्या वर रुपये गेले.

मेसमध्येही हेच होतं. १२ ते १९ गावी गेलेल्याचे खाडे आठ, सात नव्हे. गेल्या दिवाळीत मी अकरा जणांचे खाडे असे चुकवले आणि अकराच्या अकरा जण रात्री खोलीवर आले. पुढच्या महिन्यात वळते करून दिले तेव्हा कुठे सुटका झाली.

कामाची चौकट

शासकीय कार्यालयांची पगार बिलं आता "सेवार्थ" या संगणक प्रणालीत तयार होतात, शाळांची "शालार्थ"मध्ये. बिलावर आहरण व संवितरण अधिकाऱ्याची सही होते आणि ते कोषागारात जातं. मुंबईत हे काम अधिदान व लेखा कार्यालयाकडे आहे. संगणक आला म्हणून टेबलावरचं काम संपलं असं नाही. कोण रजेवर गेलं, कोणती रजा, कुणाची वेतनवाढ १ जानेवारीला आणि कुणाची १ जुलैला, कुणाच्या घरकर्जाचा हप्ता संपला, ही माहिती माणूसच भरतो. ती चुकीची भरली तर संगणक चुकीचा पगार अगदी बिनचूक काढून देतो!

नियम तीन पुस्तकांत आहेत: महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम १९८१, (रजा) नियम १९८१ आणि (निवृत्तिवेतन) नियम १९८२. सगळी पाठ करायची गरज नाही. पण अर्जाआधी रजा नियमांतली अर्जित, अर्धवेतनी आणि असाधारण रजा यांची प्रकरणं वाचा. पगारातले निम्मे वाद रजेतूनच निघतात, असं आपल्या कॉलेजच्या अकाउंट्स सेक्शनमधल्या काकांचं म्हणणं आहे.

अर्ज भरताना

आता मुद्द्याचं. यातला प्रत्येक मुद्दा मी स्वतः ठेच खाऊन किंवा दुसऱ्याला खाताना पाहून लिहिलाय.

१. जाहिरात शेवटच्या पानापासून वाचा. पहिल्या पानावर पदसंख्या असते, आपण तीच बघून उड्या मारतो. अटी मागे बारीक अक्षरांत असतात.

२. "अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास" हे शब्द अधोरेखित करा. पात्रता त्या दिवशी हातात हवी. माझी विकेट इथेच पडली. लेखी परीक्षेत मार्क पुरेसे होते, कागदपत्रं तपासायला बोलावणंही आलं. टंकलेखनाची परीक्षा मी अंतिम तारखेच्या आधी दिली होती, पण निकाल लागला नंतर. समोरच्या मॅडमनी प्रमाणपत्रावरची तारीख बघितली, जाहिरातीचं पान उलटून माझ्यापुढे धरलं आणि "पुढच्या वेळी भरा" एवढंच म्हणाल्या. भांडायला जागाच नव्हती. पगाराच्या टेबलावर बसायला निघालेल्या माणसाने तारीख वाचली नव्हती!

३. म्हणून टंकलेखन आधी. मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द, असं शासनमान्य प्रमाणपत्र लागतं. संगणक टंकलेखनाचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा असतो आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आपण दिवसभर कीबोर्ड बडवतो, पण दोन बोटांनी. तिसऱ्या वर्षातच क्लास लावा.

४. नाव एकच ठेवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर "विठ्ठल", डिग्रीवर "विट्ठल", आधारवर आडनाव आधी आणि बँकेत वडिलांचं नाव गायब, अशी तऱ्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांची आहे. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा आणि बाकीची कागदपत्रं आत्ताच दुरुस्तीला टाका. जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

५. दाखल्यांची फाईल करा. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर मुदतीतलं नॉन-क्रिमीलेअर, एमएस-सीआयटी. २००५ च्या नियमांप्रमाणे लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापनही लागतं, "माझं तर लग्नच झालं नाही" म्हणून सुटका होत नाही. वयोमर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं असते, तरी जाहिरातीत पाहा.

६. फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका. सबमिशनला आपण रात्री जागून जर्नल पूर्ण करतो, सर ओरडून का होईना घेतात. इथे रात्री बारानंतर सर नसतात.

७. "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब. ज्याला तुमच्याकडून पैसे हवेत त्याच्याकडे नोकरी नसते.

साधा अर्ज लिहायचा असेल तर

सरळसेवेच्या पदांना बहुतेक वेळा परीक्षा आणि कागदपत्रांची तपासणी एवढंच असतं. पण कंत्राटी पदांना, विशेषतः महापालिका आणि विद्यापीठांत, पुष्कळदा अर्ज स्वतः लिहावा लागतो आणि मुलाखतही होते. तिथे आपण सगळेच एक वाक्य लिहितो: "मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू तरुण आहे." वाचणाऱ्याने ते त्या दिवशी चाळीस वेळा वाचलेलं असतं.

त्यापेक्षा केलेलं काम लिहा. मी आता असं लिहितो: "वसतिगृहाच्या मेसमधील विद्यार्थ्यांची दैनिक हजेरी, खाडे, आगाऊ रक्कम व थकबाकी यांचा हिशेब एक वर्ष एक्सेलमध्ये ठेवला. दरमहा बिल तयार केले, आलेल्या हरकती तपासल्या व फरकाची रक्कम पुढील महिन्यात वळती केली." नीट बघा, ही पगार बिलाचीच कामं आहेत. हजेरी, रजा, अग्रिम, वसुली, थकबाकी. तुमच्यापैकी कुणी गॅदरिंगचा हिशेब ठेवला असेल, कुणी इंडस्ट्रियल व्हिजिटच्या बसचे पैसे जमवले असतील. ते लिहा. मुलाखतीत "कधी चूक झाली का?" असं विचारलं तर "नाही" म्हणू नका. कोणती झाली, कशी सापडली, कशी दुरुस्त केली ते सांगा. मी अकरा खाड्यांची गोष्ट सांगणार आहे.

जाता जाता

माझा नवा अर्ज गेल्या आठवड्यात गेला. या वेळी टंकलेखनाच्या प्रमाणपत्राची तारीख अंतिम तारखेच्या कितीतरी आधीची आहे. तीनदा तपासली, चौथ्यांदा रूम पार्टनरकडून तपासून घेतली. (तोही आता टंकलेखनाच्या क्लासला जातो, पण हे मी तुम्हाला सांगितलं असं त्याला सांगू नका.) नोकरी लागेल की नाही, ते निकालावर. लागली, तर बदली होऊन गेलेल्यांची एल.पी.सी. कुठे अडकली आहे, हे दर सोमवारी बघायचं असं मी ठरवून ठेवलंय. कुठल्यातरी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एखादं नाव त्या कागदामुळे लागलेलं असू शकतं.

आणि हो, या महिन्याची मेसची यादी उद्या लागेल. खाडे मोजून या, दोन्ही टोकांच्या तारखा धरून!

— एम.टेक., द्वितीय वर्ष
(मेस सेक्रेटरी)