हात गेला, तर किती गेले?

मोरिवलीच्या एमआयडीसीत काम करणारे अनेक वेल्डर, फिटर, सुतार बंधू शेअर रिक्षाने ये-जा करतात. चालकाच्या बेदरकारपणामुळे प्रवाशाचा हात निकामी झाला, तर दवाखान्याचे बिल मिळाले की हिशेब संपला, असे बरेच जण धरून चालतात. आमच्या मते इथेच मोठे नुकसान होते.

मोटार अपघातात कायमचे पांगळे झालेल्या एका वकिलाच्या दाव्यात (हट्टंगडी खटला) सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले की, औषधोपचार व बुडालेली कमाई यांखेरीज सोसलेल्या यातना आणि गमावलेले सुख यांचीही भरपाई मिळते.

कारागिरांसाठी २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल त्याहून मोलाचा. डावा हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकेल. पण सुताराचा तोच हात गेला, तर कमाईचे नुकसान जवळजवळ १०० टक्के होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के वेगळे आणि कमाईचे वेगळे.

समजा, ३५ वर्षांचा वेल्डर महिना १५,००० रुपये कमावतो. वर्षाचे १,८०,००० झाले. या वयाला १६ चा गुणक लागतो. नुकसान ४० टक्के धरले तर ११,५२,००० रुपये, ८० टक्के सिद्ध झाले तर २३,०४,०००. म्हणून डॉक्टरांची साक्ष हवीच. हा माणूस आता कोणते काम करू शकत नाही, हे त्यांच्या तोंडून यावे.

खरी अडचण वेगळीच. आपला धंदा रोखीचा, वहीत नोंद नाही. मग न्यायाधिकरण बहुधा किमान वेतनाकडे पाहते. बिले, बँकेचे पासबुक, आयकर विवरण, नेहमीच्या गिऱ्हाइकाची साक्ष, जे असेल ते जपावे.

दोन गाड्या धडकल्या, तर चूक कोणाची हे प्रवाशाने निस्तरायचे नाही. २०१५ च्या खेन्येई निकालानुसार दोन्ही चालक दोषी असले, तरी पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते.

दावा राहत्या भागाच्या न्यायाधिकरणातही चालतो. आपल्याला ठाणे जिल्हा. १ एप्रिल २०२२ पासून मुदत सहा महिन्यांची आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. एफआयआर व पंचनाम्याची नक्कल पहिल्याच आठवड्यात मागावी. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात.