रक्तातील साखर आणि शरीराचे रक्षक

मधुमेह म्हटला की गोड पदार्थांचे पथ्य आपल्या मनात उभे राहते. चहात साखर नको, ताटात पेढा नको, एवढ्यावर बहुतेक घरांतील विचार थांबतो. परंतु हा विकार केवळ साखरेचा नाही, तर शरीराच्या रक्षणव्यवस्थेचाही आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाबरोबरच प्रमेहपिडकांचे, म्हणजे प्रमेही मनुष्यास होणाऱ्या पुळ्यांचे व गळवांचे वर्णन आलेले आहे. हा संबंध नेमका कसा जुळतो, हे या पाठात पाहू या.

या विषयाकडे मी वळलो तो घरातील एका प्रसंगाने. माझे वडील पुजारी. आयुष्यभर देवळाच्या फरशीवर अनवाणी वावरले. मागील वर्षी फोडलेल्या नारळाच्या करवंटीची कपची त्यांच्या तळपायात रुतली. त्यांना ती कळलीच नाही. फरशीवरचा रक्ताचा डाग प्रथम मला दिसला. जखम नखाएवढी, पण भरून यावयास तीन महिने लागले. ‘‘एवढीशी कपची, तिला तीन महिने का लागावेत?’’ असे त्यांनी मला विचारले. माझे शिक्षण शाळेपुरतेच. तरी वाचून व वैद्यांस विचारून जे उमगले, ते येथे मांडतो.

सन १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या! परक्या वस्तूस वेढून गिळू पाहणाऱ्या या पेशींस भक्षक पेशी म्हणतात. या संशोधनासाठी त्यास १९०८ चे नोबेल पारितोषिक एर्लिक यांच्यासमवेत मिळाले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींतही असे भक्षक आहेत. जखम होताच ते धावून येतात, जंतू गिळतात आणि रासायनिक निरोप पाठवून इतरांस बोलावतात. जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. दाह हा शत्रू नव्हे. मात्र तो वेळेवर पेटला पाहिजे आणि काम होताच विझलाही पाहिजे. कारण सफाई संपल्यावर याच पेशींना डागडुजीकडे वळावयाचे असते.

रक्तात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे हा क्रम बिघडतो. भक्षक पेशीत गरजेपेक्षा अधिक साखर शिरते. ती जाळताना ऑक्सिजनचे उपद्रवी अंश फार निर्माण होतात आणि दाहाची कळ दाबली जाते. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ व इंटरल्यूकिन-६ ही दाहाचे निरोप नेणारी द्रव्ये अधिक प्रमाणात स्रवू लागतात. शिवाय साखर शरीरातील प्रथिनांस चिकटून त्यांचे रूप पालटते, आणि अशी प्रथिने भक्षक पेशींस पुनःपुन्हा डिवचतात. परिणामी पेशी सफाईच्याच आवेशात अडकून राहतात. डागडुजीस वळत नाहीत. उलट पक्षी, जंतूंवर प्रथम चालून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मंदावतात. त्यांची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्ती घटते. पहारेकरी रात्रभर ओरडत राहावा आणि चोर मात्र त्याच्या हातून निसटावा, तशी ही अवस्था होय. त्यात नसा बधिर झाल्या व रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, की नखाएवढी जखम महिनोन्‌महिने रेंगाळते.

हे चक्र उलट दिशेनेही फिरते. सन १९९३ मध्ये स्थूल उंदरांच्या चरबीत टीएनएफ वाढलेले आढळले आणि ते इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते असे दिसून आले. म्हणजे साखरेने दाह वाढतो आणि दाहाने साखर वाढते. आम्ही तर सडपातळ, असे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांनी सन २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आपलीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात सुमारे २१ टक्के निघाली!

या सर्वाचा अत्यंत दारुण प्रत्यय आपल्या हैदराबादने सन २०२१ मध्ये घेतला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे, म्हणजे म्यूकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, आणि कोठी येथील सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय त्यांच्या उपचारांचे मुख्य केंद्र ठरविण्यात आले. त्या वर्षी जूनअखेर देशभरात ४०,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते. हवेत सर्वत्र असणारी ही बुरशी निरोगी मनुष्यास सहसा बाधत नाही. पण वाढलेल्या साखरेने रक्षक दुबळे झालेले, त्यात कोरोनावरील स्टेरॉइडने साखर आणखी चढलेली व रक्षकांचे हात बांधलेले. तेव्हा तिला नाक, डोळे व क्वचित मेंदूपर्यंत वाट मिळाली.

मग उपाय काय? प्रथम साखर मोजावी. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक साखर, अथवा एचबीए-वन-सी ६.५ टक्के वा अधिक, हे पुन्हा तपासून निश्चित झाल्यास मधुमेह समजतात. ही दुसरी तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी केलेल्या उपवासाने ती फसत नाही. वैद्याने दिलेले औषध स्वतःच्या मनाने सोडू नये. रोज चालावे, हिरड्यांची निगा राखावी आणि रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत. वृद्धांचे तळपाय मुलांनी पाहावेत. पाय बधिर असणाऱ्यांनी उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. भाजलेले त्यांस कळत नाही. प्रसाद नाकारावयाचा नाही; पण त्याचे पुण्य वजनावर अवलंबून नाही, एक कण पुरे.

माझे वडील आता तसेच करतात. संध्याकाळी आरती आटोपली की पायरीवर बसतात आणि मी दिवा जवळ घेऊन त्यांचे तळपाय पाहतो. प्रथम त्यांना संकोच वाटे. आता ते स्वतःच पाय पुढे करतात.

स्वाध्याय : १. दाह उपयोगी केव्हा व घातक केव्हा? २. साखर आणि दाह एकमेकांस कसे वाढवितात? ३. आपल्या घरातील वडील मंडळींचे तळपाय आपण शेवटचे केव्हा पाहिले?