साठीचा आहेर

घरातील वडीलधाऱ्या पुरुषाच्या वयाला साठ वर्षे पूर्ण झाली, की तो दिवस साऱ्या कुटुंबाचा होतो. बुलढाणा जिल्ह्यातील गाव घाटावरचे, चिखली-मेहकरकडचे असो, की घाटाखालचे, खामगाव-मलकापूरकडचे असो. अशा दिवशी लेकी माहेरी येतात, अंगणात सडा-रांगोळी होते, गोडाधोडाचा स्वयंपाक रांधला जातो. सुवासिनी वडिलांना ओवाळतात. पुष्कळ घरी तर वयाच्या वर्षांइतके दिवे लावून ओवाळण्याची चाल आहे.

साठ या संख्येचेच एवढे महत्त्व का? आपल्या पंचांगात प्रत्येक वर्षाला, म्हणजे संवत्सराला, एक नाव असते. ही नावे साठ आहेत. ‘प्रभव’ हे पहिले आणि ‘क्षय’ हे शेवटचे. मनुष्य ज्या नावाच्या संवत्सरात जन्मला, तेच नाव साठ वर्षांनी पुन्हा येते. कालचक्राचा एक फेरा पूर्ण होतो. यालाच षष्ट्यब्दिपूर्ती म्हणतात. पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली, की अमृतमहोत्सव करतात. आणि सुमारे एक्याऐंशीव्या वर्षी सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा येतो. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारणपणे साडेएकोणतीस दिवस जातात. या हिशेबाने एक हजार पौर्णिमा पाहण्यास मनुष्याला जवळजवळ 81 वर्षांचे आयुष्य लाभावे लागते.

असा दिवस जवळ आला, की घरात एकच प्रश्न निघतो : वडिलांना आहेर काय करावा? कोणी धोतरजोडी व उपरणे सुचवतो, कोणी घोंगडी. ऐपत असली, तर चांदीसाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावच्या पेठेतून वाटी किंवा पेला आणावा, असेही कोणी म्हणतो. या वस्तूंत उणे काही नाही. तथापि वयाबरोबर माणसाची वस्तूंची हौस कमी होत जाते. ज्याने साठ वर्षे इतरांसाठी वस्तू जमवल्या, त्याला स्वतःसाठी फारसे काही नको असते. मग त्याला द्यावे तरी काय? महाराष्ट्रातील दोन थोर पुरुषांच्या वाढदिवसांकडे पाहिले, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते.

लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरी येथे झाला. 1916 च्या जुलै महिन्यात त्यांच्या वयाला साठ वर्षे पूर्ण होत होती. मंडालेच्या तुरुंगातील सहा वर्षांचा दीर्घ कारावास संपवून ते 1914 मध्ये परत आले होते. ते कारावासात असतानाच, 1912 साली, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या होत्या. शरीर थकले होते. परंतु संकल्प थकला नव्हता. तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ 1915 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1916 मध्ये, बेळगाव येथे त्यांनी होमरूल लीग, म्हणजे स्वराज्य संघ, स्थापन केला. या संघाच्या कार्यक्षेत्रात मध्यप्रांत व वऱ्हाड हेही होते. बुलढाणा हा त्या वेळी वऱ्हाडातीलच एक जिल्हा होता, आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे वऱ्हाडातील जिवाभावाचे सहकारी होते.

लोकमान्यांच्या साठीला काय अर्पण करावे, याचा विचार त्यांच्या मित्रांनी व चाहत्यांनी केला. शाल, श्रीफळ, मानपत्र हे तर व्हायचेच होते. परंतु ज्या पुरुषाने आयुष्याची उमेदीची वर्षे देशासाठी वेचली, त्याच्याविषयीची कृतज्ञता एवढ्याने कशी व्यक्त व्हावी? म्हणून लोकांकडून वर्गणी गोळा करण्यात आली. एक लाख रुपये जमले. 23 जुलै रोजी पुण्याच्या गायकवाड वाड्यात मोठा समारंभ झाला आणि ती एक लाखाची थैली लोकमान्यांना अर्पण करण्यात आली.

त्या काळी एक लाख रुपये ही फार मोठी रक्कम होती. एखाद्याने ती घेऊन उरलेले आयुष्य स्वस्थपणे घालवले असते, तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. परंतु ही रक्कम आपल्यासाठी नसून राष्ट्रकार्यासाठी आहे, अशाच भावनेने लोकमान्यांनी तिचा स्वीकार केला. लोकांनी दिलेले लोकांच्याच कार्याला लागले. देणाऱ्यांनाही याचे दुःख झाले नाही. किंबहुना आपण ज्याला देत आहोत, तो पुरुष कोणत्या जातीचा आहे हे ओळखूनच त्यांनी दिले होते. आपल्या हातून पुढे जाईल अशीच भेट त्यांनी त्याच्या हाती ठेवली होती.

त्याच दिवशी लोकमान्यांना आणखी एक भेट मिळाली. ती सरकारकडून आली. बेळगाव व अहमदनगर येथे त्यांनी केलेली तीन भाषणे राजद्रोही आहेत, असा सरकारचा आक्षेप होता. एक वर्षभर चांगल्या वर्तनाची हमी म्हणून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजार रुपयांचे दोन जामीन तुमच्याकडून का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, अशी ती नोटीस होती. एका बाजूला मानाची थैली, दुसऱ्या बाजूला ही नोटीस! पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांविरुद्ध निकाल दिला. परंतु मुंबईच्या उच्च न्यायालयात अपील झाले. तेथे बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी टिळकांची बाजू मांडली, आणि नोव्हेंबर 1916 मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

या दोन भेटींतील अंतर नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. पहिली भेट म्हणत होती, ‘आपण जे करीत आहात, ते आणखी करा.’ दुसरी म्हणत होती, ‘आता गप्प बसा.’ पहिलीने व्रताला बळ दिले. दुसरीने व्रत सोडण्याची किंमत ठरवली. घरोघरच्या आहेरांतही हे अंतर असते. साठी झाली म्हणून शेतावर जाण्याची ओढ असलेल्या धडधाकट आजोबांना आरामखुर्ची आणून दिली, तर देणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु त्या खुर्चीतून आजोबांना ‘तुमचे काम संपले’ असे शब्द ऐकू येण्याचा संभव असतो. उलट, ज्यांचे गुडघे खरोखरच दुखतात, त्यांना तीच खुर्ची सुखाची वाटेल. वस्तू एकच, पण माणूस ओळखून दिली नाही, तर तिचा अर्थ पालटतो.

वयाची वर्षे मोजून माणसाचे उरलेले काम मोजता येत नाही, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा. निराधार विधवांसाठी त्यांनी 1896 मध्ये आश्रम काढला आणि पुढे पुण्याजवळ हिंगणे येथील माळावर तो वाढवला. लोकमान्यांच्या साठीच्याच वर्षी, 1916 मध्ये, कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. त्या वेळी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. एकाहत्तरीच्या सुमारास, 1929 मध्ये, ते या कार्यासाठी परदेशी निघाले आणि युरोप, अमेरिका व जपान येथे हिंडले. 1936 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाहीत तेथे शाळा काढाव्यात म्हणून त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले, आणि त्यासाठी ते दारोदार वर्गणी मागत फिरले. ज्या वयात लोक आहेर घेतात, त्या वयात हा वृद्ध इतरांच्या मुलांसाठी झोळी पसरीत होता.

18 एप्रिल 1958 रोजी कर्व्यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली. अशा पुरुषाला राष्ट्राने काय द्यावे? त्याच वर्षी त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर त्यांचा जाहीर सत्कार झाला. त्याला पंतप्रधान पंडित नेहरू उपस्थित होते. आणि त्याच दिवशी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. हयात असताना ज्यांचे चित्र भारताच्या टपाल तिकिटावर आले, असे ते पहिले भारतीय होत. जो मनुष्य पायी दारोदार गेला, त्याची मुद्रा आता पत्रांवरून गावोगाव जाऊ लागली. तरीही त्यांच्यापर्यंत पोचलेला खरा आहेर होता तो त्यांच्या संस्थांतून शिकून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा. तो एका दिवसात जमवलेला नव्हता. बासष्ट वर्षे तो वाढत होता. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, महर्षींनी देह ठेवला.

प्रत्येक घरी टिळक किंवा कर्वे नसतात, हे खरे. परंतु प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने कशासाठी तरी आयुष्य वेचलेले असते. कोणी काळ्या रानात कपाशी-ज्वारी पिकवून भावंडांची शिक्षणे केली, कोणी गावाच्या विहिरीसाठी खटपट केली, कोणी शेगावची किंवा पंढरपूरची पायी वारी चुकवली नाही. आहेर निवडण्यापूर्वी हे ‘कशासाठी’ शोधावे. ते दुकानात सापडत नाही. आजोबांजवळ बसून, त्यांना विचारून, त्यांचे ऐकून घेऊन सापडते. एकदा ते सापडले, की आहेर आपोआप सुचतो. ज्याला पोथी वाचण्याची आवड आहे पण अक्षर दिसेनासे झाले आहे, त्याला नवा चश्मा द्यावा. ज्याने झाडे जोपासली, त्याच्या हाताने बांधावर आंब्याचे रोप लावावे, आणि त्याला पाणी घालण्याचे काम नातवाने पत्करावे. ज्याला शिकता आले नाही म्हणून आयुष्यभर हळहळ वाटली, त्याच्या नावाने गावच्या शाळेला चार पुस्तके द्यावीत.

मुलांजवळ पैसे नसतात. परंतु पैशांवाचून देता येईल असा एक आहेर त्यांच्याजवळ असतो. आजोबांच्या आठवणी रोज थोड्या थोड्या ऐकून एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवाव्यात : त्यांचे बालपण, दुष्काळाची साले, पहिली बैलजोडी, गावातील जुनी माणसे. वही भरली, की ती त्यांना वाचून दाखवावी. धोतर फाटते, चांदी काळवंडते. परंतु आपले जगणे कोणीतरी ऐकले, जपले आणि पुढे नेण्यासाठी हाती घेतले, हे ज्याला कळले, त्या वृद्धाच्या मुखावरचे समाधान घरातील लहान मुलालाही वाचता येते.

शब्दार्थ

आहेर – मंगलप्रसंगी दिलेली भेट
षष्ट्यब्दिपूर्ती – साठ वर्षे पूर्ण होणे
संवत्सर – वर्ष
थैली – सार्वजनिक वर्गणीतून सन्मानाने अर्पण केलेली रक्कम
जातमुचलका – स्वतःच्या वर्तनाबद्दल लिहून दिलेली हमी
हयात – जिवंत

स्वाध्याय

1. साठ वर्षे पूर्ण होण्याला आपल्याकडे विशेष महत्त्व का आहे?
2. 23 जुलै 1916 रोजी लोकमान्यांना कोणत्या दोन भेटी मिळाल्या? त्यांतील अंतर तुमच्या शब्दांत सांगा.
3. ‘वयाची वर्षे मोजून माणसाचे उरलेले काम मोजता येत नाही’ हे महर्षी कर्वे यांच्या चरित्रातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
4. आरामखुर्चीच्या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
5. वाक्यांत उपयोग करा : उमेदीची वर्षे वेचणे, झोळी पसरणे, नावे ठेवणे, स्वतःच्या पायांवर उभे राहणे.
6. पुढील शब्दांचे समास ओळखा : कालचक्र, दारोदार, राष्ट्रकार्य.
7. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीला भेटून तिच्या आयुष्यातील एक आठवण दहा-बारा वाक्यांत लिहा व ती तिला वाचून दाखवा.