परतनोंद : नियोजनाची वही आणि हिशेबाची वही

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकांसाठी आम्ही आजवर जे लिहिले, ते बहुतेक इतिहासाविषयी होते. या वेळचा विषय निराळा आहे, तरी आमच्या मते त्याचे मूळ इतिहासातच आहे. संस्थेचे आर्थिक नियोजन एका संगणक-प्रणालीत होते, हिशेब दुसऱ्या प्रणालीत राहतो. या दोहोंमध्ये आकडे कोणी, कोणत्या दिशेने आणि कोणाच्या संमतीने लिहायचे, हा तो विषय. आपले काही माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत हेच काम करतात; त्यांना यात नवे फारसे सापडणार नाही. पालकांना मात्र विषय परका वाटेल. तो परका नाही, हे दाखवण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वसतिगृहाच्या भोजनगृहापासून सुरुवात करू. वर्षारंभी ज्वारी, तूरडाळ, तेल, गॅस यांचा बारा महिन्यांचा अंदाज आम्ही एक्सेलच्या तक्त्यात मांडतो. खरेदी झाली की लेखापाल टॅलीत नोंद करतात. महिनाअखेर टॅलीतला खर्च तक्त्यात आणून पाहिला की अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक कळतो. इथवर नुसते वाचन झाले. परंतु डाळीचा भाव चढला, कार्यकारिणीने तरतूद वाढवून दिली, आणि तो सुधारित आकडा टॅलीतल्या अंदाजपत्रकातही जायला हवा, अशी वेळ आली म्हणजे एका प्रणालीला दुसऱ्या प्रणालीत लिहावे लागते. तसेच पाठवलेल्या आकड्याचे पुढे काय झाले, हेही जिथून तो निघाला तिथे परत लिहिले गेले पाहिजे. संगणकाच्या व्यवहारात याला राइट-बॅक म्हणतात. आम्ही 'परतनोंद' हा शब्द वापरतो. एसएपीसारख्या मोठ्या प्रणालीत नियोजनाचे आकडे मूळ व्यवहारात परत नेण्याला 'रिट्रॅक्शन' असे नाव आहे. नाव काहीही असो. वाचणाऱ्याची चूक त्याच्यापुरती राहते, लिहिणाऱ्याची चूक दुसऱ्याची वही बिघडवते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील इंग्रजी ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची त्याला प्रस्तावना आहे. आपल्या घरोघरी बाबासाहेबांची तसबीर आहे, पण हा ग्रंथ वाचलेली माणसे आम्हाला फार थोडी भेटली. त्यातील कथा थोडक्यात अशी. १८३३ च्या सनदी कायद्याने प्रांतांचे आर्थिक स्वातंत्र्य संपले. खर्च मुंबई-मद्रासने करायचा आणि मंजुरी मात्र कलकत्त्याहून मिळायची. खर्च करणाऱ्यावर पैसा उभारण्याची जबाबदारी नाही, आणि मंजुरी देणाऱ्याला प्रत्यक्ष गरजेची माहिती नाही. अशा स्थितीत प्रांतांना काटकसरीत काही हित दिसेना. डिसेंबर १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या सरकारने ठराव केला आणि पुढच्या वर्षापासून प्रांतांना ठरावीक रकमा नेमून देण्यात आल्या. १८७७-७८ पासून काही उत्पन्नाच्या बाबी सोपवण्यात आल्या. १८८२-८३ पासून महसुलाची वाटणी आली. हे टप्पे बाबासाहेबांनी ज्या बारकाईने मांडले आहेत, त्यातून एक गोष्ट आम्ही शिकलो: अंदाज करणारा हात आणि खर्च करणारा हात यांच्यामध्ये खात्रीचा दुवा नसेल, तर दोघेही प्रामाणिक असूनसुद्धा कारभार फसतो. पुढे १९४९ साली संविधान सभेत बोलताना त्यांनी नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदाला केवढे महत्त्व दिले होते, तेही या संदर्भात आठवावे.

आज हा दुवा आपल्या राज्यात संगणकावर आहे. वित्त विभागाच्या 'बीम्स' या प्रणालीतून अर्थसंकल्पातील तरतूद नियंत्रण अधिकाऱ्याकडून आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचते. देयक कोषागारात नेण्याआधी याच प्रणालीतून प्राधिकारपत्र काढावे लागते, आणि तरतूद शिल्लक नसेल तर ते निघत नाही. म्हणजे प्रत्येक देयक नियोजनाच्या वहीत आपली खूण उमटवूनच पुढे जाते. कोषागारात देयक पारित झाले की त्याला प्रमाणक क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि दिनांक वेतनप्रणालीत परत नोंदवला गेला नाही, तर पगार हाती पडूनही त्यातून कापलेली रक्कम कोणत्या देयकाची, हा प्रश्न उभा राहतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना अंशदायी निवृत्तिवेतनाच्या हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

परंतु आपल्या पालकांचा या व्यवस्थेशी खरा संबंध येतो तो शिष्यवृत्तीमुळे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आता महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरला जातो. २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के ठरला, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार राज्याने आपला हिस्सा दिल्यानंतर केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतो. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दोन सरकारे, दोन तिजोऱ्या, आणि एकीने दिले हे दुसरीला कळल्याखेरीज दुसरी देत नाही. ही परतनोंद म्हणजे शिष्यवृत्तीची अर्धी वाट आहे.

काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी दहावीनंतर तंत्रनिकेतनात गेला. वडील ऊसतोडीला, घरी आई आणि धाकटी बहीण. राज्याचा हिस्सा पासबुकात दिसला, केंद्राचा दिसेना. कार्यालयातल्या यादीत मात्र रक्कम अदा झाल्याची खूण होती. शुल्काची रक्कम मिळाल्यापासून सात दिवसांत भरायची असते, आणि यादी सांगत होती की मिळाली. तेव्हा कुटुंबाने पैसे घरखर्चाला वापरले असा संशय घेण्यात आला. ती माउली आमच्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, "सर, पैसे आले असते तर भरले नसते का?" आम्ही मुलाला घेऊन आधारच्या संकेतस्थळावर बँक-जोडणीची स्थिती पाहिली. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना त्याच्या नावे एक नवे खाते उघडले गेले होते, आणि आधारची जोडणी तिकडे वळली होती. सगळी रक्कम तिथे सुरक्षित होती. 'अदा झाली' ही परतनोंद पोहोचली होती. 'कोणत्या बँकेत' हा तिचा अर्धा भाग त्या यादीत नव्हता. पैसा हरवला नव्हता, पण त्या घराची पत तीन आठवडे टांगणीला लागली होती.

या प्रसंगानंतर आम्ही विद्यालयाच्या स्वतःच्या हिशेबाकडे पाहिले आणि आमच्याच घरात तोच दोष आढळला. अंदाजपत्रकाचा तक्ता एकाच्या संगणकावर, टॅली दुसऱ्याच्या, आणि मधला दुवा म्हणजे दूरध्वनीवरून सांगितलेले आकडे. एका माजी विद्यार्थ्याच्या मदतीने आम्ही परतनोंदीची रीत बसवली. तिचे तांत्रिक अंग सोपे निघाले. आधीचे ठरवणे अवघड होते.

पहिली अडचण नावांची. तक्त्यात 'किराणा' होते, टॅलीत 'भोजनगृह साहित्य' आणि 'धान्य खरेदी' अशी दोन खाती होती. माणूस संदर्भाने ओळखतो, संगणक ओळखत नाही. शासनाने यावर फार पूर्वीच उपाय केला आहे: मुख्य लेखाशीर्ष २२०२ म्हटले की सर्वसाधारण शिक्षण, २२२५ म्हटले की मागासवर्गीयांचे कल्याण, नाव लांब-आखूड झाले तरी संकेतांक बदलत नाही. आम्हीही प्रत्येक बाबीला एक संकेतांक दिला आणि तो दोन्हीकडे तोच ठेवला. जुळणीच्या या तक्त्यावर आमचा उन्हाळ्याच्या सुटीतला जवळजवळ सगळा वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला असे आम्ही मानतो. जी बाब जुळत नाही ती 'इतर'मध्ये टाकायची नाही, असाही नियम केला. 'इतर' हे खाते म्हणजे आळसाचे कोठार आहे.

दुसरे, काळाचे. आमचे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये. तक्त्यातला 'पहिला महिना' आणि टॅलीतला 'पहिला महिना' यांत दोन महिन्यांचे अंतर होते, म्हणून क्रमांकाऐवजी महिन्याचे नाव आणि सन दोन्ही लिहायचे ठरले. एककाचेही तसेच. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत आकडे हजार रुपयांत छापतात. तीच सवय आमच्या एका तक्त्यात शिरली होती. पहिल्या चाचणीत दुरुस्तीसाठी ठेवलेले ६० हजार टॅलीत ६० रुपये होऊन बसले. चाचणी टॅलीच्या प्रतीवर केली होती म्हणून हसण्यावारी गेले.

तिसरी गोष्ट अधिकाराची, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. अंदाजाचा रकाना नियोजनाचा. त्यात टॅलीने लिहायचे नाही. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना हिशेबाचा. त्यात नियोजनाने बोट लावायचे नाही. खर्च जास्त दिसला म्हणून तक्त्यात तो खाली ओढण्याचा मोह चांगल्या माणसांनाही होतो. सुधारित अंदाजाला कार्यकारिणीच्या ठरावाचा क्रमांक जोडला असेल तरच ती ओळ पुढे जाते. कच्चे आकडे तक्त्यातच थांबतात. जुना आकडा पुसला जात नाही. कोणी, केव्हा, कोणत्या ठरावाने बदलला याची नोंद शेजारी राहते.

चौथी गोष्ट आम्ही चुकून शिकलो. एकदा पाठवताना वीज गेली, आकडे पोहोचले की नाही हे कळेना, म्हणून पुन्हा पाठवले. गॅससाठी वाढवलेले ४० हजार दोनदा मिळवले जाऊन ८० हजारांची वाढ दिसू लागली. तेव्हापासून 'एवढे वाढवा' असे पाठवत नाही. 'एकूण तरतूद इतकी' असे पाठवतो आणि प्रत्येक पाठवणीला स्वतंत्र क्रमांक देतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर जुन्याच जागी बसतो, वर चढत नाही. शिवाय प्रत्येक ओळीची पोच परत येते: स्वीकारली, किंवा नाकारली आणि का नाकारली. शेवटी दोन्हीकडच्या बेरजा ताडून पाहतो. बेरीज जुळली म्हणजे सर्व ठीक असे नव्हे, एका बाबीची रक्कम दुसऱ्या बाबीत गेली तरी बेरीज जुळते. म्हणून बाबवार ताळा घेणेही आले.

हे सारे चालवायला महागडी प्रणाली लागत नाही. आमच्याकडे आजही तोच तक्ता आणि तीच टॅली आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला लेखापाल आणि आम्ही समोरासमोर बसतो, आणि न जुळलेल्या ओळी एका साध्या फरक-वहीत हाताने लिहितो. नववी-दहावीची चार मुले पाळीपाळीने सोबत बसतात. टक्केवारीचा धडा त्यांना तिथे लवकर समजतो. शिष्यवृत्तीसाठीही अशीच एक वही केली आहे. दहावी होऊन जाणाऱ्या प्रत्येक मुलाची आणि मुलीची आधारशी जोडलेली बँक कोणती, हे दाखला देताना पाहून घेतो, आणि पहिल्या वर्षी दोन्ही हिस्से मिळाल्याचे त्यांनी कळवावे असे सांगून ठेवतो. पालकांनी या पानापुरते आम्हाला साहाय्य करावे: बँक बदलली, नवे खाते उघडले, तर एक दूरध्वनी करावा.

मागच्या महिन्याच्या ताळ्यात फरक-वहीत दोन ओळी उरल्या. एक, विजेच्या देयकाची. ती लगेच सुटली. दुसरी, एका माजी विद्यार्थ्याने ग्रंथालयासाठी पाठवलेल्या देणगीची. पैसे बँकेत जमा आहेत, टॅलीत नोंद आहे, पण यंदाच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाची नवी बाब कार्यकारिणीने अद्याप मंजूर केलेली नाही. त्या ओळीसमोर संकेतांकाची जागा कोरी आहे.