नेतृत्वाची शाळा : विद्यार्थिदशेतील चिंतन आणि लोकजीवन

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे नावाप्रमाणेच रस्त्यांचे ठिकाण होय. मंठ्याकडून येणारा रस्ता येथे दुभंगतो. एक फाटा जिंतूरकडे वळतो, तर दुसरा सेलू, पाथरी, सोनपेठ, परळी असा अंबाजोगाईच्या दिशेने जातो. आसपासच्या खेड्यांतून शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले-मुली अशा फाट्यांवरच एस.टी.ची वाट पाहत उभी असतात. आणखी काही वर्षांनी हीच मुले ग्रामसभेत बसतील, पंचायतीत निवडून येतील, शाळा व्यवस्थापन समितीवर जातील. सभा चालविणे, मतभेद ऐकून घेणे, हिशेब मांडणे आणि दिलेला शब्द पुरा करणे ही कामे त्यांनी कोठे शिकावयाची, हा प्रश्न शिक्षक व पंचायत सदस्य या दोघांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास मराठवाड्याइतकी अनुकूल भूमी क्वचितच आढळेल. या भागातील सार्वजनिक जीवनाचा पायाच मुळी शिक्षक आणि विद्यार्थी यांनी घातलेला आहे, आणि त्याला तसेच कारण होते. निजामी राजवटीत १९२९ साली ‘गश्ती निशान ५३’ हे फर्मान निघाले व परवानगीवाचून सार्वजनिक सभा घेणे अशक्य झाले. जेथे सभा भरविता येत नाही तेथे वक्ता घडत नाही, कार्यकर्ता घडत नाही आणि सभेचे नियमही कोणाला ठाऊक होत नाहीत. साहजिकच ग्रंथालय, गणेशोत्सव, व्यायामशाळा आणि विशेषतः खाजगी शाळा यांना लोकशिक्षणाचे काम करावे लागले. देवगाव फाट्यापासून फार दूर नसलेल्या परतूर येथे १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्ष गोविंदराव नानल हे होते. परतूर तालुका त्या काळी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा तो त्या जिल्ह्यात गेला.

एका विद्यार्थ्याचा संकल्प

या शिक्षकांतील अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेल्या या पुरुषाचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले. व्यंकटेश तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प त्याने त्याच दिवशी केला. स्वामीजींच्या चरित्रातील हा प्रसंग सर्वपरिचित आहे, आणि शाळांतून तो आवर्जून सांगितलाही जातो. तथापि तो सांगताना पुढचा भाग बहुधा राहून जातो, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा धडा त्या पुढच्या भागातच आहे.

संकल्प १९२० चा आहे आणि हैदराबाद संस्थानातील सत्याग्रह १९३८ चा. मध्ये अठरा वर्षे गेली. असहकारितेच्या हाकेस ओ देऊन सरकारी शाळा सोडल्यावर या तरुणाने अमळनेर येथे व पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात राष्ट्रीय शिक्षण घेतले. कामगार चळवळीचे नेते ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले. दुसऱ्याच्या हाताखाली पत्रे लिहिणे, कागद जपणे, सभांची तयारी करणे यांत जी शिस्त अंगी बाणते तिला नेतृत्वाच्या गोष्टींत सहसा स्थान मिळत नाही. पण ती नसली म्हणजे पुढे काय होते हे कोणत्याही कार्यालयास ठाऊक आहे. १९२९ साली ते उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. म्हणजे पुढे ज्या माणसाच्या शब्दावर हजारो लोक तुरुंगात गेले, त्याने त्यापूर्वीचा बराच काळ मुलांना शिकविण्यात घालविला होता. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आठवणींत हैदराबादच्या लढ्याची कथा आली आहे. शिक्षकांनी तो ग्रंथ अवश्य चाळावा.

१९३८ च्या अखेरीस या भूमीवर विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाचीच कसोटी लागली. औरंगाबादच्या महाविद्यालयातील व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. त्यांना वर्गांतून व वसतिगृहांतून काढून टाकण्यात आले. गीत म्हणण्याचा निर्णय एका संध्याकाळी होऊ शकतो. पण दुसऱ्या दिवशी शिक्षण तुटलेले, राहावयास जागा नाही आणि गावाकडे आईवडिलांना काय कळवावे याची चिंता, अशी शेकडो मुलांची अवस्था होते. त्या वेळी जो पुढे होतो त्याच्यावर या सर्वांची जबाबदारी येऊन पडते. नागपूर विद्यापीठाने या विद्यार्थ्यांना आपली दारे उघडली आणि त्यांतील पुष्कळांचे शिक्षण मार्गी लागले. हैदराबाद संस्थानातून याच सुमारास नागपूरला गेलेल्या तरुणांपैकी पी. व्ही. नरसिंह राव हे पुढे १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले. आंदोलनाचा इतिहास सांगताना घोषणा लक्षात राहतात आणि नागपूरचा प्रवेश विसरला जातो, हे काही बरे नव्हे.

अशीच जबाबदारी १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातही विद्यार्थ्यांवर येऊन पडली होती. त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातील वसमत येथे गोळीबार होऊन विद्यार्थ्यांना प्राण गमवावे लागले. विभागाच्या मागासलेपणाचा प्रश्न त्यामुळे राज्यापुढे ठळकपणे आला. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी डॉ. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि वैधानिक विकास मंडळे १९९४ साली स्थापन झाली. रस्त्यावरील मागणीपासून कागदावरील तरतुदीपर्यंत वीस वर्षे लागली. जो विद्यार्थी नेता होऊ इच्छितो त्याला हे अंतर ठाऊक असलेले बरे.

स्वतःचे परीक्षण

पुढारी म्हणजे दुसऱ्याची नक्कल, असा समज विद्यार्थ्यांत फार आढळतो. कोणा मोठ्या माणसाचा आवाज उचलावयाचा, त्याच्यासारखे हातवारे करावयाचे, म्हणजे झाले! यशवंतराव चव्हाण यांच्या शालेय जीवनातील एक प्रसंग येथे उपयोगी आहे. तुम्ही पुढे कोण होणार, असे शिक्षकांनी वर्गात विचारले असता मुलांनी थोरामोठ्यांची नावे लिहिली. कराडच्या या विद्यार्थ्याने मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार, असे लिहून दिले. यातील आत्मविश्वासाचे कौतुक नेहमी होते. पण स्वतःसारखे व्हावयाचे तर स्वतःला तपासावे लागते, आणि ते त्यांनी केले. २६ जानेवारी १९३२ रोजी कराडच्या शाळेवर तिरंगा लावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांना आचार्य भागवत यांच्यासारख्या विद्वानांचा सहवास लाभला. तेथे वाचन झाले, वाद झाले, मते बदलली. सुटून आल्यावर १९३४ मध्ये ते मॅट्रिक झाले. ‘कृष्णाकाठ’ या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी या घडणीकडे मागे वळून पाहिले आहे. तुरुंगातून आलेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो, ही गोष्ट कोणत्याही भाषणापेक्षा मोलाची मानली पाहिजे.

आता आजच्या शाळेकडे वळू. बहुतेक शाळांत विद्यार्थी मंत्रिमंडळ असते. जूनमध्ये निवडणूक होते, शपथविधी होतो, छायाचित्र निघते आणि पुष्कळदा तेथेच सारे थांबते. मंत्री म्हणून निवडले गेलेल्या मुलाला खाते मिळते, काम मिळत नाही. वास्तविक काम शोधावयास दूर जावे लागत नाही. समजा, फाट्यावर सकाळची एस.टी. थांबत नाही आणि मुलांचा पहिला तास बुडतो. मुलींना मोफत पास मिळाला तरी गाडीच न थांबल्यास त्याचा उपयोग काय? अशा वेळी वर्गप्रतिनिधीने काय करावे? आठवडाभर गाडीची वेळ रोज वहीत नोंदवावी. किती मुले उभी होती ते मोजावे. आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने तो द्यावा, आवक क्रमांक व तारीख घ्यावी. उत्तर न आल्यास स्मरणपत्र द्यावे. उत्तर आले, मग ते नकाराचे का असेना, ते वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवावे. शेवटची पायरी सर्वांत अवघड असते, कारण नकार वाचून दाखविताना टाळ्या पडत नाहीत. परंतु ज्यांच्या वतीने गेलो त्यांना हिशेब देणे हे प्रातिनिधिक कारभाराचे मर्म आहे, आणि पंचायतीतील निम्म्या तक्रारी हा हिशेब न दिल्यामुळेच उद्भवतात असे म्हणावयास हरकत नाही.

याच्या जोडीला विद्यार्थ्याने एक साधी वही ठेवावी. सभा झाली की त्याच दिवशी चार ओळी लिहाव्यात : आज कोण बोलले नाही, कोणाचे म्हणणे मध्येच तोडले, कोणते काम अंगावर घेतले आणि ते कधीपर्यंत होणार. ‘कोण बोलले नाही’ हा रकाना शिक्षकांनी आग्रहाने भरून घ्यावा. मागच्या बाकावरची मुलगी, उशिरा प्रवेश घेतलेला ऊसतोड मजुराचा मुलगा यांची नावे तेथे पुन्हा पुन्हा येऊ लागली की प्रतिनिधी स्वतःच विचारात पडतो. वही शिक्षकांनी वाचावी, गुण देऊ नयेत. गुण दिले की मुले खरे लिहिणार नाहीत.

महाविद्यालयांत हेच काम राष्ट्रीय सेवा योजनेकडून अपेक्षिलेले आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत व ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम व सात दिवसांचे विशेष शिबिर असा तिचा आराखडा असतो. शिबिरात श्रमदान होतेच. पण संध्याकाळी गावकऱ्यांबरोबर बसून गावाचा प्रश्न त्यांच्याच तोंडून ऐकणे, हा त्यातला अधिक कठीण भाग. नगर-शहरातून आलेला विद्यार्थी तेथे उपदेश करू लागला तर गाव त्याला चहा पाजते आणि निरोप देते! महाविद्यालयीन निवडणुकांचा इतिहास मात्र निराळा आहे. हिंसेच्या घटनांनंतर राज्यात १९९४ पासून थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने त्यांची तरतूद पुन्हा केली, तर २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. त्यामुळे मधल्या पिढ्यांना मतपेटीचा पहिला अनुभव थेट ग्रामपंचायतीतच आला.

या कारणानेच ग्रामसभा व शाळा यांची सांगड घालणे अगत्याचे आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा व्हावयाची असते. हे नियम नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले असतात, पण प्रत्यक्ष सभा पाहिलेली नसते. सरपंचांनी वरच्या वर्गातील चार-सहा मुलामुलींना श्रोते म्हणून बोलवावे. त्यांना मताचा अधिकार नाही. तो अठराव्या वर्षी मिळतो, आणि निवडणुकीस उभे राहावयाचे तर एकविसावे वर्ष पूर्ण व्हावे लागते. दरम्यान त्यांनी इतिवृत्त कसे लिहिले जाते, सूचक व अनुमोदक यांची नावे का नोंदवितात आणि मागील सभेच्या ठरावांचे काय झाले हे कोण विचारतो, एवढे टिपून आणावे. दुसऱ्या दिवशी वर्गात ते वाचून दाखवावे. १ जानेवारी १९९५ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवारास सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे, हेही याच तासाला सांगता येईल. म्हणजे शाळा मध्येच सोडू पाहणाऱ्या मुलाच्या घरी बोलण्यास शिक्षकांजवळ आणखी एक मुद्दा राहील.